डिजिटल नोंदी वर्षानुवर्षं टिकवायच्या तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेचं जुनं दफ्तर, घरातली कागदपत्रं, संशोधनाची टिपणं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं... हे सगळं ‘कायमचं’ जपायचं आहे, काय करू, अशी विचारणा सतत होते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत आणि शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. पहिले बारा-तेरा प्रश्न सगळ्यांच्या कामाचे, पुढचे बहुतेक अडचणीत सापडलेल्यांसाठी. घाईत असाल तर १, ४ आणि ९ एवढे तरी वाचाच.

१. मी दर आठवड्याला बॅकअप घेतो. मग जतन म्हणून वेगळं काय करायचं राहतं?

काल जे होतं ते आज परत मिळावं, यासाठी बॅकअप असतो. डिस्क बिघडली किंवा चुकून फोल्डर डिलीट झालं की तो कामाला येतो, आणि नवा आला की जुना पुसला जातो. जतनाचा सवाल वेगळा आहे. वीस वर्षांनी, तुम्ही नसताना, आजचं सॉफ्टवेअरही नसताना, एखाद्या अनोळखी माणसाला ही फाइल सापडेल का? उघडेल का? ती कशाची आहे हे कळेल का? आणि मधल्या काळात तिच्यात काही बदललेलं नाही, यावर त्याने कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा? यांतल्या एकाचंही उत्तर बॅकअपकडे नसतं.

शिवाय बॅकअप चालू आहे असं वाटणं वेगळं आणि तो खरोखर चालू असणं वेगळं. जानेवारी २०१७च्या अखेरीस गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा लावलेल्या होत्या. त्यांतली एकही धड चालत नव्हती, हे नेमकं त्या वेळी कळलं. सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं. तेव्हा वर्षातून एकदा तरी प्रतीवरच्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे झालं, असं नाही.

२. ‘दीर्घकाळ’ म्हणजे नेमकी किती वर्षं?

ठरावीक आकडा नाही. या क्षेत्रातलं पायाभूत मानक म्हणजे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १४७२१ क्रमांकाचं मानक. ते अवकाश संशोधन संस्थांच्या पुढाकारातून तयार झालं आणि २००३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. त्यात दीर्घकाळाची व्याख्या वर्षांत केलेली नाही. तंत्रज्ञान बदलेल आणि वापरणारी माणसंही बदलतील, याची काळजी करावी लागेल इतका काळ म्हणजे दीर्घकाळ. व्यवहारात असं धरून चाला की दहा वर्षांहून जास्त ठेवायचं असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे.

३. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, सीडी, एसएसडी: सगळ्यात जास्त टिकतं काय?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचाही हाच. तरी एकेकाचं सांगतो.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ने-आण करण्यासाठी आहेत, साठवणुकीसाठी नाहीत. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात धरलेली असते आणि वीज नसताना तो भार हळूहळू गळतो. जेडेक या संघटनेच्या मानकानुसार, लिहिण्याची क्षमता पुरती वापरून झालेल्या साध्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेशिवाय एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते. पण कपाटात ठेवून विसरून जायची ही वस्तू नव्हे.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त आणि सोयीची. ती बिघडणारच हे गृहीत धरून साधारण पाच वर्षांनी बदलावी. न वापरता पडून राहिलेल्या डिस्कचे यांत्रिक भागही अडकतात, म्हणून अधूनमधून जोडून चालवावी लागते.

घरी लिहिलेल्या सीडीत आणि बहुतेक डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो. उजेड, उष्णता आणि दमटपणा त्याला मारक. बाजारात विकत मिळणारी, छापलेली सीडी वेगळ्या पद्धतीने बनते, त्यामुळे ‘माझी पंचवीस वर्षांपूर्वीची गाण्यांची सीडी अजून वाजते’ हा पुरावा इथे चालत नाही.

मोठ्या संस्था एलटीओ चुंबकीय टेप वापरतात. तीस वर्षांचं आयुष्य सांगितलं जातं आणि टेप तेवढी टिकेलही. खरी अडचण ती वाचणाऱ्या यंत्राची. पूर्वी ही यंत्रं मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत. आठव्या पिढीचं यंत्र मागची एकच पिढी वाचतं. म्हणजे टेप धडधाकट, पण यंत्र मिळेना, अशी वेळ येऊ शकते.

मथितार्थ असा की माध्यम कुठलंही घ्या, पण ते कधी बदलायचं ती तारीख घेतानाच डिस्कवर चिकटवा.

४. किती प्रती ठेवायच्या आणि कुठे?

पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे रूढ झालेला ३-२-१ नियम पुरेसा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे शेजारची खोली नव्हे. आग, पूर किंवा चोरी एकाच वेळी दोन्ही जागी पोहोचणार नाही एवढं अंतर हवं.

मी यात एक भर घालतो. एक प्रत कशालाही न जोडलेली असावी. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत पोहोचतं आणि तुमचे बॅकअपही कुलूपबंद करून टाकतं. आणखी एक पथ्य: तिन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून काढलेल्या नसाव्यात. एका खेपेत दोष असला तर तिन्ही मागेपुढे एकदमच दगा देतात.

५. आमचं सगळं क्लाउडवर आहे. तेवढं पुरत नाही का?

एक प्रत म्हणून उत्तम. एकमेव प्रत म्हणून नाही.

पहिली गोष्ट, ज्याला आपण क्लाउड म्हणतो ते बहुतेक वेळा सिंक असतं, म्हणजे सगळ्या उपकरणांवर एकसारखंच ठेवणं. फोनवरून फोटो डिलीट केला की सगळीकडून जातो. कचरापेटीतही तो काही दिवसच राहतो. दुसरं म्हणजे, कंपनी तुमची राखणदार नाही. याहूने जिओसिटीज ऑक्टोबर २००९मध्ये बंद केलं. लोकांनी वर्षानुवर्षं बनवलेली पानं ज्यांनी धावपळ करून उतरवली तेवढीच वाचली. मायस्पेसने २०१९ साली कबूल केलं की सर्व्हर हलवताना तीन वर्षांहून जुनी गाणी, फोटो आणि व्हिडिओ गेले असण्याची शक्यता आहे. तिसरं, खातं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. माणूस आजारी पडला किंवा गेला, तर ही दोन वर्षं कधी सरली ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

क्लाउड निवडताना जागा किती मिळते याआधी हे विचारा: सगळं एकदम, फोल्डरांच्या रचनेसकट आणि मूळ तारखांसकट बाहेर काढता येतं का? आत टाकणं सगळीकडेच सोपं असतं.

६. फाइली कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवाव्यात?

कसोट्या तीन. फॉरमॅटची रचना जाहीरपणे लिहिलेली असावी. तो एकाहून जास्त कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत असावा. आणि तो जगभर इतका वापरात असावा की उद्या अडचण आली तर सोडवणारे तुम्ही एकटेच नसाल.

या कसोट्यांवर साध्या मजकुरासाठी यूटीएफ-८मधली (सगळ्या लिप्यांतली अक्षरं साठवायची रूढ पद्धत) टेक्स्ट फाइल, पानाचं रूप जपायचं असेल तर पीडीएफ/ए (प्रश्न ७), स्कॅनसाठी टिफ, आवाजासाठी वेव्ह किंवा फ्लॅक, तक्त्यांसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), असं साधारण ठरतं. पुढे संपादन करायची कागदपत्रं ओडीएफ किंवा डॉक्सएक्समध्ये ठेवायला हरकत नाही. दोन्ही आता आयएसओ मानकं आहेत. व्हिडिओत मतभेद आहेत. मोठी अभिलेखागारं मात्रोस्का फाइलीत एफएफव्ही१ वापरतात, कारण त्यात दर्जा घटत नाही. घरच्या चित्रफिती कॅमेऱ्याने एच.२६४मध्ये दिल्या असतील तर तशाच ठेवा. रूपांतरात मिळवण्यापेक्षा गमवालच जास्त.

रूपांतर करायचं तर मूळ फाइल कधीही टाकू नका. रूपांतरात काय गळलं हे बऱ्याचदा नंतर उमगतं, आणि गळती तोंडाने सांगत नाही. २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या आरोग्ययंत्रणेच्या कोविड आकडेवारीतून जवळपास १६ हजार रुग्णांच्या नोंदी गहाळ झाल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये भरली जात होती. त्यात ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढच्या गळून पडल्या. म्हणून रूपांतरानंतर आधी ओळी मोजा, पानं मोजा, मिनिटं मोजा.

सीएसव्हीचं एक खास दुखणं: एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की ‘००४५’चं ‘४५’ होतं आणि काही मजकुराच्या तारखा होतात. तशीच सेव्ह केली की मूळ गेलं. बघायची असेल तर प्रतीवर बघा.

७. पीडीएफ आणि पीडीएफ/ए यांत फरक काय? साधी पीडीएफ चालत नाही?

पीडीएफ/ए हे २००५ साली आलेलं आयएसओ मानक आहे. साध्या पीडीएफला बऱ्याच गोष्टी बाहेरून लागू शकतात: संगणकातला फाँट, इंटरनेटवरचं चित्र, आत चालणारा प्रोग्राम. पीडीएफ/एमध्ये फाँटासकट सगळं आत असावं लागतं, पासवर्ड लावता येत नाही, आणि ध्वनी-चित्रफितींना किंवा प्रोग्रामला मज्जाव असतो. देवनागरी मजकुराच्या बाबतीत फाँट आत असणं ही चैन नाही, गरज आहे.

नुसतं नाव बदलून पीडीएफ/ए होत नाही. ‘सेव्ह ॲज’मध्ये पर्याय निवडल्यावरही फाइल नियमांत बसली का हे व्हेरापीडीएफसारख्या मोफत साधनाने तपासावं. तक्ते आणि त्यांतली सूत्रं जपण्यासाठी मात्र पीडीएफ/ए निकामी आहे. त्यात सूत्राचं उत्तर तेवढं छापलं जातं.

८. जुनी कागदपत्रं कृतिदेव किंवा श्री-लिपीत टाइप केलेली आहेत. आता नुसती अगम्य अक्षरं दिसतात. गेली का?

गेलेली नाहीत. अशा फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलीत एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की भेंडोळं. प्रत्येक फाँटाची जुळणी वेगळी, म्हणून आधी फाँट ओळखा: वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवला की फाँट नसला तरी त्याचं नाव दिसतं. ते नाव लगेच लिहून ठेवा. सगळा मजकूर निवडून कुणीतरी सवयीने फाँट बदलला आणि सेव्ह केलं, तर ही खूणही पुसली जाते.

मग परिवर्तकाने (फाँटातला मजकूर बदलून देणाऱ्या साधनाने) युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक अक्षरसंचात, आणा आणि डोळ्यांनी तपासा. चुका ठरलेल्या जागी होतात. ऱ्हस्व वेलांटी, कारण जुन्या फाँटांत ती अक्षराच्या आधी टाइप होई. रफार, कारण तो अक्षरानंतर येई. आणि तीन-चार व्यंजनांची जोडाक्षरं. मध्येच आलेले इंग्रजी शब्द आणि आकडे बघायला विसरू नका. परिवर्तक त्यांनाही मराठी समजून बदलून टाकतो. मूळ फाइल, फाँटाची फाइल आणि तो फाँट आत असलेली एक पीडीएफ, हे तिन्ही सोबत ठेवा.

युनिकोडमध्ये आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’ आणि अर्धचंद्र जोडून लिहिलेलं सापडतं. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. ‘ऱ्या’चीही अशी दोन रूपं फिरत असतात. ‘ॲडव्होकेट’ शोधल्यावर निम्म्याच नोंदी सापडत असतील, तर कारण हे असू शकतं. जतनाच्या प्रतीला हात लावू नका. शोधण्यासाठी वेगळी प्रत करून तीत एकच रूप करून घ्या.

९. चेकसम म्हणजे काय? साध्या माणसाला खरंच लागतो का?

लागतो. आणि वाटतो त्यापेक्षा सोपा आहे.

फाइलीतल्या एकूण एक बिटावरून गणिताने काढलेली खूण म्हणजे चेकसम. शा-२५६ पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. शंभर पानांच्या फाइलीत एका ठिकाणी स्वल्पविरामाचा पूर्णविराम झाला तरी पूर्ण खूण बदलते, दोन-चार चिन्हं नव्हे. म्हणून आजची खूण लिहून ठेवली आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढली, की फाइल तीच आहे का हे ती न उघडता कळतं. डिस्कवर माहिती गुपचूप बिघडते तेव्हा आकार तोच राहतो, तारीख तीच राहते. फरक दिसतो तो इथेच.

करायचं असं. फोल्डर अंतिम झालं की सगळ्या फाइलींच्या खुणांची यादी काढा. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत याची सोय आधीपासून आहे. यादी फाइलींसोबत ठेवा आणि एक प्रत दुसरीकडेही, कारण कुणी फाइल आणि यादी दोन्ही बदलली तर कळायचं कसं? प्रत्येक नवी प्रत केल्यावर आणि नंतर वर्षातून एकदा पडताळा घ्या. एखादी जुळली नाही तर दुसऱ्या प्रतींतली जुळणारी आणून तिथे ठेवा. प्रश्न ४ मधल्या तीन प्रतींना खरा अर्थ इथे येतो: चेकसम नसेल तर तीनांतली खरी कोणती, हेच सांगता येत नाही.

हे सगळं एका शिस्तीत बांधायचं तर ‘बॅगइट’ नावाची मांडणी आहे. एका फोल्डरमध्ये मूळ फाइली, शेजारी खुणांची यादी आणि थोडक्यात माहिती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं मोफत साधन हे करून देतं.

एमडी५ ही चेकसमची जुनी पद्धत चालेल का, असंही विचारतात. अपघाती बिघाड पकडायला चालेल. कुणी मुद्दाम बनावट फाइल घुसवेल अशी शंका असेल तर नाही. त्यातला दोष २००४ सालीच उघड झाला आहे.

१०. फाइलींची नावं मराठीत ठेवली तर चालतात का?

चालतात, पण दोन गोष्टी सांभाळा. लिनक्सच्या रूढ फाइल यंत्रणेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ एवढ्यातच ३० च्या वर जातात. विंडोजमध्ये जपलेलं लांबलचक नाव दुसरीकडे नेताना त्यामुळे अडतं. दुसरं, जुनी झिप साधनं देवनागरी नावांची वाट लावतात.

माझी पद्धत अशी: सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, मग एक छोटा ओळखशब्द, मग क्रमांक. बाकी सगळं यादीत (प्रश्न ११). ‘अंतिम’, ‘अंतिम२’, ‘खरोखर अंतिम’ ही नावं कुठल्याही भाषेत वर्ज्य.

११. फाइलीबद्दलची माहिती कुठे लिहायची?

प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल आणि एक सीएसव्ही तक्ता. टेक्स्ट फाइलीत हे फोल्डर कुणाचं, कुठून आलं, कुणी केव्हा गोळा केलं. तक्त्यात प्रत्येक फाइलीला एक ओळ: नाव, विषय, तारीख, त्यातल्या व्यक्ती, हक्क कुणाचे, काही शंका असेल तर तीही. फोटोत कोण आहे हे ज्या माणसाला माहीत आहे त्याच्याकडे आधी जा. चेकसम पुढच्या महिन्यात काढला तरी चालेल, आजींची आठवण थांबत नाही.

१२. स्कॅन केल्यावर कागद टाकून दिले तर चालतील?

कायदेशीर किंमत असलेले कागद स्वतःच्या मनाने टाकू नयेत. सही, शिक्का आणि मूळ प्रत यांबद्दलचे नियम विषयागणिक वेगळे असतात. बाकीच्यांचं स्कॅनच्या दर्जावर ठरवा.

छापील मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, याचं माप) पुरे. बारीक अक्षरं, नकाशे, छोटे फोटो यांना ६००. ए-४ आकाराचं एक पान ३०० डीपीआयला रंगीत, न दाबता (म्हणजे फाइलीचा आकार कमी न करता) साठवलं की साधारण २६ एमबी होतं. ६००ला त्याच्या चौपट. जागेचा हिशेब आधीच करा, नाहीतर अर्ध्या वाटेत दर्जा उतरवावा लागतो आणि निम्मा संग्रह एका मापाचा, निम्मा दुसऱ्या मापाचा होतो.

आणि दाबण्याच्या पद्धतीकडे नीट लक्ष द्या. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिसेल यांनी २०१३ साली दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. सहाच्या जागी आठ, तोही स्वच्छ आणि ठसठशीत. यंत्र पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधून एकाच तुकड्याने सगळ्यांची जागा भरत होतं. जेबिग-२ या पद्धतीची ही करामत. अक्षर पुसट आलं तर निदान शंका तरी येते. इथे शंकेला वावच नव्हता. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली, पण हिशेबाची पानं स्कॅन करताना ही पद्धत बंद ठेवलेली बरी. कागद टाकण्याआधी काही पानं मूळ कागदाशेजारी ठेवून आकडा-आकडा ताडून पहा.

१३. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवले. तेच ठेवू ना?

दुसरा इलाज नसेल तरच. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि काढल्याची तारीख, जागा ही आतली माहिती निघून जाते. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

१४. ईमेल कसे जपायचे?

एमबॉक्स किंवा ईएमएल स्वरूपात, जोडपत्रांसकट. थंडरबर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरने हे होतं. पत्रं पीडीएफ करून ठेवली तर वाचता येतात, पण पत्र कुठल्या मार्गाने आलं याचा मागोवा देणारा वरचा भाग आणि बऱ्याचदा जोडपत्रंही सुटतात. मात्र पत्रात नुसता क्लाउडवरच्या फाइलीचा दुवा असेल तर ती फाइल पत्रात नाहीच. अशी पत्रं शोधून त्या फाइली वेगळ्या उतरवा.

१५. आमचे हिशेब एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते बंद करतोय. काय काय काढून ठेवू?

सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच काढा. परवाना संपल्यावर नुसता डेटाबेस हातात राहतो आणि त्यातल्या रकान्यांचा अर्थ कुणालाच लागत नाही. तीन थर ठेवा. एक, सॉफ्टवेअरचा स्वतःचा पूर्ण बॅकअप. दोन, प्रत्येक तक्ता सीएसव्हीत, सोबत कुठल्या रकान्यात काय आणि कुठला तक्ता कशाने जोडलेला, याचं टिपण. तीन, दरवर्षीचे ताळेबंद आणि खातेवह्या पीडीएफ/एमध्ये. मोठा डेटाबेस असेल तर स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तयार केलेलं ‘सिआर्ड’ हे स्वरूप पहा. त्यात तक्ते आणि त्यांचे परस्परसंबंध एकत्र राहतात.

सीएसव्ही झाल्यावर कुठल्याही एका वर्षाची बेरीज करून ताळेबंदाशी जुळते का पहा. जुळत नसेल तर सॉफ्टवेअर बंद करायची तारीख पुढे ढकला.

१६. संस्थेचं संकेतस्थळ बंद होणार आहे. ‘सेव्ह पेज’ करू का?

पानं थोडी असतील तर चालेल. पूर्ण स्थळासाठी वॉर्क या, संकेतस्थळं जपण्यासाठीच्या स्वरूपात उतरवा; ब्राउझरमध्ये चालणारी मोफत साधनं आहेत. शिवाय इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये महत्त्वाची पानं नोंदवून ठेवा. शोधाचा रकाना, नकाशे, सदस्यांचं प्रवेशद्वार यांसारखे सर्व्हरवर चालणारे भाग यांतल्या कशातच येत नाहीत. त्यांच्यामागचा डेटा प्रश्न १५ प्रमाणे काढा.

१७. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपी सापडल्या आहेत. काही फाइली तर उघडतच नाहीत.

आधी फ्लॉपीचा खटका सरकवून तिच्यावर लिहिणं बंद करा, म्हणजे संगणक तिच्यावर काही लिहिणार नाही. मग एकेक फाइल न उचलता पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलीतली जशीच्या तशी नक्कल, काढा. बुरशी दिसत असेल तर यंत्रात घालूच नका; यंत्राचं डोकं खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडतात.

फाइल उघडत नसेल तर ती नक्की काय आहे ते शोधा. नावाच्या शेपटीवर विसंबू नका. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘ड्रॉइड’ हे मोफत साधन फाइलीच्या आतल्या खुणा वाचून फॉरमॅट सांगतं. जुन्या वर्ड फाइली नवं वर्ड सुरक्षेच्या कारणाने अडवतं, त्या लिबरऑफिस पुष्कळदा उघडून देतं. काहीच लागू पडलं नाही तर जुना संगणक नव्यात नक्कल करून चालवायचा, म्हणजे इम्युलेशन.

यातलं गाजलेलं उदाहरण बीबीसीच्या डोम्सडे प्रकल्पाचं. १०८६ सालच्या इंग्लंडच्या पाहणीला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६मध्ये देशभरातून माहिती आणि छायाचित्रं गोळा करून ती लेझर तबकड्यांवर टाकली. पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली, तर १०८६ची चर्मपत्रं आजही वाचता येतात. ही गोष्ट इथवरच सांगायची पद्धत आहे. पण प्रकल्प वाचलाही: लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या गटाने २००२ साली त्या जुन्या यंत्रणेची नक्कल चालवून दाखवली. चालती यंत्रं आणि जुनी माहितीपुस्तकं कुणीतरी जपून ठेवली नसती, तर हे कठीण होतं. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरची सीडी, परवान्याचा क्रमांक आणि छापील पुस्तिका फेकू नका.

१८. गोपनीय कागद आहेत. पासवर्ड लावून ठेवू?

रोजच्या प्रतीला लावा. जतनाच्या प्रतीला लावायचा तर पासवर्डचं जतन हे फाइलीच्या जतनाइतकंच मोठं काम होऊन बसतं. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावल्यासारखं, पासवर्डची फाइल त्याच डिस्कवर ठेवणारे बरेच आहेत. शिवाय कुलूपबंद फाइलीत एक बिट बिघडला तरी कधीकधी पूर्ण फाइल हातची जाते. शक्य असेल तर फाइल मोकळी आणि कपाट बंद, हा जुना मार्गच धरा. नाहीच जमलं तर पासवर्ड कागदावर लिहून, सीलबंद पाकिटात, दोन विश्वासू माणसांकडे.

१९. डिजिटल सही असलेली पीडीएफ आहे. पीडीएफ/ए केली तर सही मोडते. मग काय करू?

हो, मोडते. सही ही फाइलीच्या नेमक्या बिटांवर केलेली असते; रूपांतर म्हणजे बदल, आणि बदल म्हणजे सही अवैध. प्रश्न ६ आणि ७ मधला सल्ला इथे लागू होत नाही.

सही केलेली फाइल जशी आहे तशीच ठेवा. आज ती वैध दिसते आहे तोवर पडताळणीचा अहवाल काढून सोबत जोडा, कारण सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र काही वर्षांत संपतं आणि ते त्या वेळी चालू होतं हे दाखवणं मग अवघड जातं. सही करतानाच दीर्घकालीन पडताळणीचा पर्याय निवडला, तर प्रमाणपत्राची स्थिती आणि विश्वासार्ह कालमुद्रा (सही केव्हा झाली याचा शिक्का) फाइलीतच बसते. पण कालमुद्रेमागचं गणितही म्हातारं होतं. शा-१ ही चेकसमची जुनी पद्धत २०१७ साली प्रत्यक्ष फोडून दाखवली गेली. म्हणून फार काळ ठेवायच्या दस्तऐवजांवर अधूनमधून नव्या पद्धतीची कालमुद्रा चढवावी लागते. वाचण्यासाठी वेगळी पीडीएफ/ए प्रत करा आणि तिच्या नावातच ‘वाचनप्रत’ लिहा.

नव्याने सही होणार असेल तर क्रम उलटा करा: आधी पीडीएफ/ए, मग सही. तशी सही त्यात टिकते.

२०. सगळंच ठेवायचं का? जागा तर स्वस्त आहे.

जागा स्वस्त आहे, लक्ष नाही. पन्नास हजार फोटोंत कोण कोण आहे हे कुणीही लिहिणार नाही. पाचशे असतील तर लिहील. एकसारख्या प्रती, धूसर फोटो, मसुद्यांचे मसुदे काढून टाका. निर्णय कसे झाले हे दाखवणारे मसुदे मात्र ठेवा. लोकांचे आजार, खाते क्रमांक, ओळखपत्रं असं काही असेल तर ते ठेवण्याचा अधिकार आणि मुदत आधी तपासा. मुदत संपल्यावर तिन्ही प्रतींतून काढावं लागतं, आणि तिसरी प्रत कुठे आहे हे तेव्हा आठवत नाही, म्हणून तिचीही नोंद हवी.

२१. ब्लॉकचेनवर टाकलं की कायमचं राहतं, हे खरं का?

तिथे सहसा फाइल नसतेच, तिचा चेकसम असतो (प्रश्न ९). फाइल बदललेली नाही हे त्यावरून सिद्ध करता येईल, पण फाइलच हरवली तर हाती ६४ चिन्हं उरतील.

२२. माझ्यानंतर हे कोण बघणार?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. संग्रह बुडतात ते मात्र जास्त करून इथेच. डिस्क धड असते, फाइली धड असतात, पण त्या आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं.

एक कागद छापा. कुठल्या डिस्कवर काय आहे, प्रती कुठे आहेत, पासवर्ड कुणाकडे आहे, पुढचा पडताळा कधी, काय टाकलं तरी चालेल. त्यावर तुमच्यानंतर बघणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्या माणसाला विचारून लिहा. संस्थेत हे काम पदाला जोडा. उत्साही व्यक्तीला जोडलं तर ती सोडून गेली की काम थांबतं.

ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला संग्रह द्यायचा विचार असेल तर लवकर बोला. त्यांना कुठलं स्वरूप चालतं, यादी कशी हवी, हे आधी कळलं तर दुहेरी काम वाचतं. हक्कांचे कागद तेव्हाच लागतात. फोटो कुणी काढले, मुलाखती कुणी दिल्या, त्यांची लेखी संमती आहे का? संमती नसेल तर संस्था साहित्य ठेवून घेईलही, पण वाचकांपुढे ठेवायला बहुधा कचरेल. बोलणारी माणसं हयात असताना एका पानावर सही घेणं सोपं असतं. नंतर वारसांचा शोध घेत हिंडावं लागतं.